फळ्यावरची एक ओळ

माझा मेव्हणा बसडेपोत गाड्यांच्या वेळा फळ्यावर लिहायचा. तीस वर्षं. बोटं, बाह्या, मिशा सगळं पांढरं, म्हणून सगळे त्याला खडू म्हणत. त्याची एक रीत होती. गाडीला उशीर झाला तर अख्खा फळा पुसायचा नाही. ओल्या फडक्याची घडी करायची, तेवढी एकच ओळ पुसायची आणि नवी वेळ टाकायची. "बाकीच्या ओळी लोक वाचत असतात, दाजी. त्यांच्या पुढ्यातलं ताट कशाला ओढायचं?" मी गावच्या शाळेत चार यत्ता शिकलेला, मला हे चटकन पटलं. त्याचा साहेब मोठ्या कॉलेजात शिकलेला. त्याला कुठून पटणार?

साहेबाने वेबसाइट काढली आणि फळा उतरवायचा हुकूम दिला. खडूची रवानगी टायरच्या खोलीत, निवृत्तीपर्यंत टायर मोजायला. तीन वर्षं राहिली होती. तो मला म्हणाला, "टायर काय, ते मोजले नाही तरी गोलच राहणार. लोकांना गाडी कोण सांगणार?" त्याला घोर होता तो एवढाच.

आता त्या वेबसाइटची थोरवी ऐका. उघडली की आधी साहेबाचा हसरा फोटो, दारावरच्या पडद्याएवढा. मग वाजंत्री. मग धूर सोडत एक बस डावीकडून उजवीकडे जाणार, तीही रमतगमत, खऱ्या बससारखी. मग 'आमच्या बातम्या हव्यात का?' असा चौकोन, आणि तो मिटवायची फुली लिखेएवढी. या सगळ्याच्या तळाशी वेळा. पत्र्याच्या छपराखाली नेटवर्क मुंगीच्या पावलाने येणार, लोकांचे फोन जुने, फुटक्या काचेचे. बाटलीच्या तोंडातून उशी कोंबावी तसं ते चाललेलं. चक्र आपलं गरगर फिरतंय, आणि गाडी केव्हाच पुढच्या थांब्यावर! सगळ्या अकलेचा कांदा करून वर झेंडा लावलेला.

मी साहेबाला एकदा विचारलंही, "साहेब, हा तुमचा फोटो कुठल्या गाडीने जातो?" त्याला कळलंच नाही. म्हणाला, "आजोबा, हा पहिला ठसा असतो." म्हटलं, ठसा बरोबर आहे, आमच्या पाठीवर उमटलाय.

पण शहाण्या माणसाच्या हातून एक चूक झाली. टायरच्या खोलीची खिडकी नेमकी फाटकासमोर उघडत होती. आत येणारी, बाहेर जाणारी प्रत्येक गाडी खडूला दिसायची. खडूची लेक एका दवाखान्यात कॉम्प्युटरवर काम करते. तिला तो म्हणाला, "मला फोनवर फळा करून दे."

"फोटो कुठला टाकू, बाबा?"

"फळ्यावर कधी फोटो बघितलास?"

"रंग तरी?"

"पांढऱ्यावर काळं. खडूची जागा उलटी, एवढाच फरक."

तिने बारा ओळी मांडून दिल्या. गाव, वेळ, फलाट. खडू खिडकीतून बघायचा आणि बदलेल तेवढीच ओळ बदलायचा. ते पान इतकं हलकं की बोट उचलायच्या आत हजर. भाजीवालीने पहिल्यांदा उघडलं तेव्हा ती घाबरली. म्हणाली, "काही बिघडलं का हो? लगेच आलं!" बघा, साहेबाने लोकांना कुठल्या सवयी लावल्या होत्या!

महिन्याभरात सगळा डेपो तेच पान बघायला लागला. साहेब लालेलाल. "हे बेकायदेशीर आहे. सोमवारपासून बंद, नाहीतर घरी बसा." खडूचा चेहरा उतरला. ते पान गेलं असतं तर त्याच्याकडे खरंच टायर उरले असते.

आणि सोमवारी, पान बंद व्हायच्या आधीच, मुख्य कार्यालयातल्या बाई आल्या, साहेबाच्या साहेब. फलाटावर उभ्या राहून म्हणाल्या, "मला सव्वाअकराची गाडी धरायची आहे. दाखवा तुमची वेबसाइट."

साहेबाने फोन काढला. फोटो अर्ध्या हनुवटीपर्यंत आला आणि अडकला. बाई बघतायत, साहेब फोन झटकतोय, जसं काही आत वाळू अडकलीय. भाजीवाली पाटी डोक्यावर घेता घेता म्हणाली, "बाईसाहेब, तुमची गाडी तीन नंबरला लागली होती. ती बघा, फाटकातून चालली."

"तुम्हाला कसं कळलं?"

तिने फुटकी काच पुढे केली. बारा ओळी. बाईंनी वाचल्या आणि साहेबाकडे असं पाहिलं, असं पाहिलं, की एवढा तमाशा बिनतिकिटाचा बघायला मिळाला याचं मला समाधान वाटलं.

"हे कोणी केलं?"

साहेब तत्काळ म्हणाला, "आमच्याच खात्याने." हे मात्र त्याला लगेच लोड झालं!

बाईंनी तरीही माणूस शोधून काढला. खडू खोलीतून आला, हातांना टायरची काजळी. बाई म्हणाल्या, "काय हवं तुम्हाला?" तो म्हणाला, "माझा फळा. फोन नसलेलीही माणसं आहेत."

आता फळाही आहे आणि पानही. तो आधी खडूने लिहितो, मग फोनवर. परवा साहेब फळ्याशी येऊन गोड आवाजात म्हणाला, "फोनच्या पानावर माझा छोटासा फोटो टाकता येईल का? एक ओळ रिकामी दिसते."

खडू फडकं पिळत म्हणाला, "रिकामी नाही, साहेब. तिथे गाडी यायची आहे."