मावशीच्या नावाचं रक्त

सत्तरच्या दशकात मी आष्ट्याच्या बाजूला मलेरियाच्या कामावर हंगामी नोकर होतो. ऊसतोडीला परमुलखातनं आलेल्यांच्या पाचटाच्या झोपड्यांवर, कोप्यांवर, हिंडायचं, ताप असेल त्याचं बोट टोचायचं, काचेवर रक्ताचा थेंब घेऊन तपासणीला धाडायचा. पण ताप कधी कुणाला नसेच! आजारी म्हटलं की मुकादम कामावरनं काढून टाकील, ही धास्ती.

एका कोपीच्या दारात बीडकडची म्हातारी बसलेली असायची. तिला मी मावशी म्हणे. एकदा ती म्हणाली, "आदी सोताचं बोट टोचा, मग आमचं मागा."

मी काय कमी? टोचलं, थेंबही काचेवर घेतला! बायका खो खो हसल्या, पण बोट एकीनंही पुढं केलं नाही. काचांच्या रिकाम्या डब्यानं गेलो तर साहेब सोलून काढणार. मग केला आगाऊपणा. माझ्याच रक्ताच्या काचेवर मावशीचं नाव ठोकलं आणि दिली पाठवून. अंग चार दिवस मोडून येत होतं, पण म्हटलं, सायकल हाणून असंल.

आठवड्यानं निकाल आला. मावशीला मलेरिया!

मेलो! साहेब स्वतः गोळ्या घेऊन निघाले, मी मागनं. मावशी "मी कवा दिलं रगत?" म्हणाली की माझी नोकरी गेलीच. अंगात तापही होताच.

साहेबांनी विचारलं, "मावशी, मागच्या खेपेला यानं तुमचं रक्त घेतलं ना?"

मावशीनं माझ्या तोंडाकडं पाहिलं. मग बोटाकडं.

"व्हय तर. लय दुखलं बगा. हात जड हाय ह्याचा."

तिनं गोळ्या तोंडाशी नेल्या, वर तांब्याभर पाणी पिऊन टाकलं. साहेब खूश होऊन जीपकडं गेले. मावशीनं मूठ उघडली. गोळ्या तशाच होत्या.

"ज्याचं रगत त्याची गोळी. गीळ."

कडूजहर! पण गिळल्या. लाजेनं मान वर होईना.

मावशीनं दाराचं पोतं बाजूला सारलं. आत गोधडीखाली तिची सून हुडहुडत पडली होती.

"हिचं बोट टोच," मावशी म्हणाली. "अन् ह्या खेपेला नाव हिचंच लिव."