नऊ फुटी रॉड आणि दादाचा अंगठा

किस्से कुणी ठरवून जमवत नाही. घरात प्लास्टिकच्या पिशव्या जमतात तसे ते जमतात. एके दिवशी ड्रॉवर उघडावा, तर तो परत बंदच होत नाही! आमच्या शनिवारच्या गँगचं तसंच झालंय. कुणी नवीन माणूस भेटला की माझी रूममेट मृणाल लगेच म्हणते, "केतकी, ते रॉडचं सांग ना!" आणि मला कळत नाही की सुरुवात कुठून करू.

खरं तर सुरुवात झाली एका अंगठ्यापासून.

भाऊबीजेला मी दादाला लांबलचक मेसेज पाठवला. सोबत ताटाचा फोटो आणि "ओवाळणी बाकी आहे, विसरू नकोस!" दादा कॅनडात असतो. दरवर्षी यावर काहीतरी खवचट उत्तर येतं. यंदा नुसता अंगठा आला. पिवळा. बास.

मी मुळात घाबरट. टोस्टरमधून ब्रेड उडाला तरी दचकते. पण तो अंगठा बघून वाटलेली भीती वेगळी होती. उन्हाळ्यात दादाचा संसार मोडला आणि तेव्हापासून तो फोन उचलत नव्हता. माझाही नाही, आईचाही नाही. सांगलीहून आई रोज विचारायची, "बोलला का गं?" आणि मी म्हणायचे, "मेसेज आलाय." अंगठ्याचं तिला काय सांगणार?

मी लिहिलं, "जानेवारीत तुझ्याकडे येतेय."

"मी नदीवर असतो."

"मग मीही नदीवर."

बऱ्याच वेळाने उत्तर आलं, "स्वतःचा रॉड आण."

दादा तिकडे स्टीलहेड पकडतो. म्हणजे नदीत जन्मून समुद्रात जाणारा आणि मोठा होऊन पुन्हा नदीत येणारा ट्राउट. त्याच्यासाठी तो थंड पाण्यात तासन्‌तास एकटा उभा असतो. माझा आणि माशांचा संबंध फक्त ताटापुरता. पण ठरवलं. रॉड घ्यायचा, शिकायचं आणि जायचं. तेही अबुधाबीत बसून, जिथे नदीच नाही!

*

मी एका कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीत प्रोक्युरमेंटला आहे. आमच्याकडे स्टेपलर घ्यायचा तरी तीन कोटेशन लागतात. तेव्हा रॉड काय असाच घेणार?

दादाला विचारलं, "किती फूट?" दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, "नऊ." "टोक कसं?" "मऊ." "रीळ?" "३०००." ही रिळाची साइज. "रंग?" यावर नुसत्या दोन निळ्या टिक्स.

क्वालिटीचे नेने सर आमच्या गँगमधले सीनियर. त्यांना हे कळल्यावर त्यांनी लंच टाइममध्ये कम्पॅरिझन शीट केली. लांबी, रिळाची साइज, डिलिव्हरी, वॉरंटी. ऑनलाइन तीन दुकानांचे रेट भरले आणि सगळ्यात स्वस्त सेटवर बोट ठेवलं. "हा एल-वन. यालाच द्यायचं!"

"सर, पण टोक मऊ..."

"शीटमध्ये 'मऊ' असा कॉलम नाही, केतकी."

पार्सल आलं. रॉड छत्रीच्या दांड्यासारखा एकातून एक निघणारा आणि तितकाच ताठ. रीळ लिंबाएवढं. वर एक घंटी फ्री! नेने सरांनी तो कॉन्फरन्स टेबलवर आडवा ठेवून रीतसर इन्स्पेक्शन केलं. व्हर्नियर लावला. शेवटी गंभीरपणे रिपोर्ट दिला, "अप्रूव्ह्ड विथ कमेंट्स."

"कमेंट्स काय, सर?"

"मासे पकडण्यासाठी वापरू नये."

*

मग मी हट्टाने दुकानात गेले. स्वतः. बंदराजवळचं छोटं दुकान, काउंटरवर बशीरभाई. एरवी दुकानदाराने नुसतं "यस मॅडम?" म्हटलं तरी मी "काही नाही, बघतेय" म्हणून बाहेर पडते. त्या दिवशी पाय रोवून उभी राहिले.

"कौन सा मच्छी पकडेगा? हमूर? शेरी?"

"जो इधर नहीं मिलता."

बशीरभाईंनी चष्मा काढला. "मच्छी इधर नहीं, तो रॉड इधर से क्यों?"

"मच्छी उधर है, भाईसाब. डर तो इधर है ना!"

त्यांनी चष्मा परत लावला. मग आत गेले आणि एक लांब, सडपातळ रॉड घेऊन आले. दोन तुकड्यांत जोडायचा, टोक वेतासारखं लवणारं. कुणी घेत नाही म्हणून पडून होता. इथे सगळ्यांना मोठ्या माशांसाठी जाड रॉड लागतो. त्यावर ३०००चं रीळ बसवलं. मी हँडल फिरवलं आणि 'खटाक्!'

मी किंचाळले. मागच्या बाईची पिशवी पडली. "सॉरी, सॉरी, मैं पैसा देती हूँ, मेरे से टूट गया!"

"टूटा नहीं मॅडम, बंद हुआ." रिळावरची तारेची कडी त्यांनी पुन्हा उघडली आणि फिरवली. खटाक्! मी परत दचकले. त्यांनी तिसऱ्यांदा केलं, मी तिसऱ्यांदा दचकले. शेवटी त्यांनी रीळ माझ्या हातात दिलं. "आप ही करो."

केलं. खटाक्. नाही दचकले!

"एक बात याद रखना," पॅक करताना ते म्हणाले. "मच्छी लाइन खींच के भाग रहा है, तो हँडल छोड़ देना. घुमाने से लाइन में बल पड़ेगा, मच्छी नहीं आएगा."

रॉड-रीळ मिळून दीडशे दिरहॅम. म्हणजे साडेतीन हजार रुपये, असं मी मोठ्याने म्हटलं आणि मागची पिशवीवाली बाई मराठीत म्हणाली, "बरा आहे हो!"

*

त्या दिवशी गाडी सावंतकाकांची होती. काका आमच्या स्टोअरचे इन्चार्ज. वेंगुर्ल्याचे. लहानपणी गरीने मासे मारलेले, म्हणजे नुसती दोरी आणि हूक. रॉड हा प्रकार त्यांच्या मते हौशी लोकांचा. पण पार्किंगमध्ये त्यांना राहवेना. "बघूया तरी!" म्हणत त्यांनी दोन्ही तुकडे जोडले आणि वर असे दाबले की ते सुटेचनात.

नऊ फुटी रॉड, गाडी हॅचबॅक. आम्ही दोघं दोन बाजूंनी ओढतोय. बशीरभाई बाहेर आले, ते माझ्या बाजूने ओढायला लागले. एक बंगाली सायकलवाला थांबला, तो काकांच्या बाजूने. मी सारखी "तुटेल, तुटेल, तुटेल!" करत होते.

"तू गप गो! कित्याक घाबरतंस?" काका ओरडले आणि रॉड सुटला. काका सायकलवाल्यावर, सायकलवाला सायकलवर.

सायकलवाल्याने उठून कपडे झटकले आणि अदबीने विचारलं, "खलास?"

*

प्रॅक्टिससाठी मी समुद्रकिनाऱ्याजवळच्या मोकळ्या वाळूत जायचे. हूक न लावता, लाइनला फक्त रबरी वजन बांधून. रॉड मागे न्यायचा, पुढे झटकायचा आणि बरोबर वेळी बोट सोडायचं. माझं बोट कायम उशिरा सुटायचं किंवा घाबरून लवकर.

तिथे रोज संध्याकाळी एक अरबी आजोबा खुर्ची टाकून बसायचे. अंगात पायघोळ पांढरी कंदुरा, शेजारी कॉफीचा थर्मास. तिसऱ्या संध्याकाळी माझं वजन उडालं ते सरळ मागे, त्यांच्या खजुराच्या डब्यात! मी रडायच्या बेतात. "सॉरी सर, व्हेरी सॉरी सर!"

त्यांनी शांतपणे खजुरातून वजन काढलं, रुमालाने पुसलं आणि मला एक खजूर दिला. मग हात लांब करून दाखवत म्हणाले, "बिंती... सी इज दॅट साइड."

बिंती म्हणजे लेकी. पुढे महिनाभर मी तिथे गेले. ते रोज आपली खुर्ची थोडी लांब सरकवायचे, पण जायचे नाहीत. ज्या दिवशी वजन पहिल्यांदा समोर, सरळ आणि लांब गेलं, त्या दिवशी मागून टाळी ऐकू आली. "यल्ला बिंती! अगेन!"

*

मग मासेमारीचं लायसन काढून ब्रेकवॉटरवर, म्हणजे समुद्रात गेलेल्या दगडी बांधावर, आमचे शनिवार सुरू झाले. नेने सर फोल्डिंग खुर्ची आणि सनस्क्रीन घेऊन, मृणाल झोपायला, काका सल्ला द्यायला.

रिळाला ड्रॅग असतो. मासा जोरात ओढायला लागला की लाइन तुटू नये म्हणून रीळ थोडी थोडी लाइन सोडतं. ती किती सहज सोडायची, ते एक चकती फिरवून ठरवायचं. काकांना हे समजल्यावर त्यांनी ती चकती पार आवळून टाकली. "माशाक कित्याक सवलत देतंस?"

पहिला मासा लागला तो तेव्हा. टोक वाकलं, मी "काका!" म्हणेपर्यंत टण्ण! लाइन तुटून माझ्या गालावर.

काकांनी तुटलेली लाइन गुंडाळली. मग म्हणाले, "मासो बरो होतो."

रात्री दादाला सगळं लिहिलं. गालाचा फोटोही पाठवला. वाटलं होतं, अंगठा येईल. बराच वेळ 'टायपिंग' दिसत राहिलं. मी आईलाही फोनवर धरून ठेवलं होतं. शेवटी आलं, "ढील दे."

"काय म्हणतो?" आईने विचारलं.

"ढील दे म्हणतो."

"कुणाला गं?"

*

हा शेवटचा. मृणाल जो सांगायला लावते तो.

तिकीट काढून झालं होतं. दादाला तारीख कळवली, तर उत्तर नाही. अंगठासुद्धा नाही. फ्लाइट चार दिवसांवर आली होती. आई म्हणत होती, "नको जाऊस. एअरपोर्टवर आलाच नाही तर?" मी बॅग भरून ठेवली होती आणि रात्री उठून उठून रॉडची पिशवी आत आहे ना ते बघत होते.

शनिवार. सकाळचं कोवळं ऊन. मृणाल आली नव्हती. काका करक, म्हणजे इथला कडक दुधाळ चहा आणायला गेले होते. नेने सर गाडीत विसरलेली टोपी आणायला गेले. ब्रेकवॉटरच्या दगडांवर मी एकटीच.

आणि रॉड वाकला!

असा की टोक पाण्याला टेकलं. रीळ किंचाळायला लागलं. मीही. लाइन सरसर बाहेर जातेय, मी जिवाच्या आकांताने हँडल फिरवतेय, फिरवतेय आणि मासा लांबच जातोय. बशीरभाई, काका, खजूरवाले आजोबा, सगळ्यांनी शिकवलेलं डोक्यातून साफ पुसलं गेलं. रॉडचा दांडा काखेत दाबला, फोन दगडावर ठेवला आणि अंगठ्याने काकांना लावला. रिंग वाजतेय, वाजतेय. नाही उचलला. नेने सरांना लावला, तर माझ्या पायाशी त्यांच्या बॅगेत फोन वाजायला लागला!

मग नेहमीच्या नंबरांच्या यादीत वर जे पहिलं नाव होतं ते दाबलं. त्या नावावर मी इतक्यांदा फोन केलेला की ते कायम वरच असायचं. स्पीकर लावला आणि परत हँडल धरलं.

रिंग. तिकडे शुक्रवारची संध्याकाळ असणार. रिंग. लाइन अजून जातेय. रिंग. डोळ्यांत घाम की काय, मला समोरचं दिसेना. तरी मी रॉड सोडला नाही. रिंग.

मग रिंग थांबली. दगडावरच्या फोनमधून पाण्याचा आवाज येत होता. आमचा नव्हे. वाहत्या पाण्याचा. इकडे माझं रीळ अजून किंचाळतच होतं.

"केतू," दादा म्हणाला, "आधी हँडल सोड. रडायचं मग."