जादा ब्रेक

आमच्या ह्यांचा उजवा पाय म्हणून कधी स्वस्थ नसतो. जेवताना टेबलाखाली, टीव्ही बघताना फरशीवर, झोपेत माझ्या पोटरीवर, सारखा काहीतरी दाबत असतो. हे गाडी चालवायला शिकवतात, आणि शिकवणीच्या गाडीत मास्तरांच्या पायाशीही एक जादा ब्रेक असतो. त्यांचा जन्म त्या ब्रेकवर गेला.

त्यात शब्दांचं वेड. प्रत्येक शिकाऊला पहिल्याच दिवशी 'हॉल्ट' या इंग्रजी शब्दाची कुळकथा ऐकावी लागते. नुसतं हळू होणं नव्हे, जागच्या जागी थांबणं. शब्द आला जर्मन सैनिकांच्या हुकमातून, मुळात अर्थ धरून ठेवणं, आणि फारच मागे गेलं तर म्हणे गुरं राखणं. समोरचा स्टिअरिंग धरून घामाघूम झालेला असतो आणि ह्यांची गुरं चरायला निघालेली असतात.

एवढ्या लोकांना पास केलं, पण पोटची पोरगी दोनदा नापास झाली. दोन्ही वेळा चौकातली थांबायची रेषा ओलांडून. घरोघरी जाऊन रुग्णांची देखभाल करायची नोकरी तिच्यासाठी राखून ठेवली होती, पण लायसन्स मिळालं तरच. उद्या शेवटची संधी होती आणि घरात कुणाचा पायपोस कुणाच्या पायात नव्हता.

संध्याकाळी सरावाला मी मुद्दाम मागे बसले. पहिला चौक आला, गाडी थांबली. दुसऱ्यालाही थांबली. पोरगी खूश. मला मात्र मागून ह्यांचा गुडघा दिसत होता. ती ब्रेककडे पाय नेईपर्यंत तो जादा ब्रेकवर खाली गेलेला असायचा. माझं डोकंच फिरलं. म्हटलं, गाडी ती थांबवतच नाहीये, तुम्ही थांबवताय.

पोरीने गाडी कडेला घेतली. पाय नुसता टेकवला की गाडी थांबते, असंच ती आजवर समजत होती; परीक्षेला मात्र शेजारी हे नसायचे. हे गडबडले. आपल्याला कळलंच नाही, पाय आपोआप जातो, म्हणाले. आणि घाबरून पुन्हा हॉल्टच्या मुळाशी शिरले.

"तेच तर करताय बाबा," ती म्हणाली. "मला राखताय. शिकवत नाही."

ह्यांनी बूट काढले, पाय वर घेतले आणि सीटवर चक्क मांडी घातली. म्हणाले, चल.

पुढची रेषा जवळ यायला लागली. ह्यांचे अंगठे चुळबुळत होते. मागे मी पाय गच्च दाबून बसले होते. नवऱ्याला नावं ठेवणारी मी! गाडी हिसका देऊन थांबली. ह्यांचा चष्मा मांडीत पडला. रेषा अजून हातभर पुढे होती.

"फार जोरात दाबलास," चष्मा चाचपत ते म्हणाले. मग स्वतःच्या पायांकडे बघितलं. "तूच दाबलास."

ती पास झाली. आता रोज सकाळी एकटीच गाडी काढते. कोपऱ्यावर पोचेपर्यंत आम्ही दोघं खिडकीत उभे असतो, फरशीवर पाय दाबून.