पाठीवरची भिंत

ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी, वारज्यातल्या आमच्या भाड्याच्या फ्लॅटमधली हॉलची भिंत माझ्या पाठीला चिकटून निघाली. घटनेच्या वेळी घरात चार जण होते : मी, पत्नी मनीषा, अकोल्याहून आलेल्या सासूबाई आणि घरमालक दामलेकाका. कोणीही जखमी झालं नाही. (माझा पांढरा शर्ट वगळता. त्याचं पुढे पायपुसणं झालं.)

पार्श्वभूमी अशी. मी तेव्हा एका दैनिकात उपसंपादक होतो आणि मनीषा हडपसरच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत नुकतीच लागली होती. पुण्यात रोज नवी कंपनी उघडत होती आणि सकाळी रिकामं झालेलं घर दुपारच्या जेवणाआधी भरत होतं. त्यातून वकील, पोलीस आणि पत्रकार यांना घर द्यायचं नाही, हा पुण्यातल्या घरमालकांचा अलिखित कायदा. (काही ठिकाणी पाटीवर लिखित.) तीन महिने आम्ही दारोदार फिरलो. कोथरूडच्या एका बाईंनी माझा व्यवसाय ऐकून, त्यापेक्षा कॉलेजची पोरं बरी, ती निदान परीक्षेला तरी घाबरतात, असं दाराच्या साखळीमागूनच सांगितलं.

दामलेकाका हा एकमेव अपवाद निघाला. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, सडसडीत, बोलणं मोजून-मापून. मी पत्रकार असल्याचं ऐकून त्यांनी चष्म्यावरून पाहिलं आणि म्हणाले, "असू द्या. रात्री जिना चढताना चपला हातात घ्यायच्या, म्हणजे झालं." शिवाय मनीषाच्या कंपनीची बस बरोबर आमच्या फाटकासमोर थांबायची. असं घर पुण्यात दुसरं मिळणार नाही, हे आम्हा दोघांना पक्कं ठाऊक होतं. अकरा महिन्यांचा करार सप्टेंबरमध्ये संपत होता. तो वाढवून घेणं एवढंच त्या पावसाळ्यात आमचं जीवितकार्य होतं.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात हॉलच्या भिंतीवर डाग दिसला. सुरुवातीला तो बशीएवढा होता. पंधरा दिवसांत तो परातीएवढा झाला, त्याला हिरवी किनार आली आणि मधोमध काळी लव. महिनाअखेर तो माझ्या खांद्यापर्यंत पोचला होता आणि वाढीचा वेग पाहता तो माझ्याआधी घराचा कर्ता पुरुष होणार, अशी चिन्हं होती. मनीषाच्या ऑफिसच्या बुटांवर साय धरली. माझ्या शब्दकोशाला मिशा फुटल्या.

हे सरळ दामलेकाकांना सांगायचं, असं कोणीही म्हणेल. अडचण कराराच्या नवव्या कलमाची होती. घरात कपडे वाळत घातल्यामुळे भिंतींस ओल आल्यास भाडेकरू जबाबदार राहील व करार वाढवून मिळणार नाही, असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं. आमच्या हॉलमध्ये जूनपासून तीन दोऱ्या बांधलेल्या होत्या आणि त्यांवर आमचे कपडे मोर्चाला आल्यासारखे दाटीवाटीनं उभे होते. आरोपी आम्हीच, यात शंका नव्हती. म्हणून पुरावा नष्ट करायचं ठरलं.

मनीषानं ऑफिसातल्या इंटरनेटवरून बुरशीवर अकरा पानं छापून आणली. त्यानुसार भिंत व्हिनेगरनं पुसण्यात आली. डाग जसाच्या तसा राहिला, घराला मात्र मुरलेल्या लोणच्याचा वास सुटला. मग मी टेबलफॅन चोवीस तास भिंतीवर रोखून ठेवला. तिसऱ्या दिवशी समोरच्या सोफ्यावर हिरवे ठिपके आले. (बुरशीला बीजं असतात आणि ती वाऱ्यानं पसरतात, हे अकरापैकी सातव्या पानावर होतं. मी सहापर्यंत पोचलो होतो.)

याच सुमारास सासूबाई आल्या. बॅग खाली ठेवण्याआधी त्यांनी भिंतीला हात लावला आणि मला म्हणाल्या, "भिंत हाय का माठ हाय जी, जावईबापू? पाणी पाझरून राह्यलं." त्यांनी कडुनिंबाच्या पाल्याची धुरी करायला घेतली. पाला ओला असल्यानं धूर भरपूर झाला, इतका की वरच्या मजल्यावरचे लोक बादल्या घेऊन खाली आले. त्यांनी आग कुठे आहे असं विचारलं, सासूबाईंनी डास फार झालेत असं सांगितलं, आणि सगळ्यांनी खोकत खोकत एकमेकांचा निरोप घेतला.

आणि शुक्रवारी दामलेकाकांचा फोन आला. रविवारी अकराला येतो, घर एकदा नजरेखालून घालतो आणि कराराचं बघू.

शनिवारी आम्ही दोऱ्या कपड्यांसकट उतरवल्या आणि लोखंडी कपाट डागासमोर सरकवायला घेतलं. ते दीड फूट सरकलं आणि बेडरूमच्या दारात असं रुतलं की पुढेही जाईना, मागेही येईना. पुढचे दोन दिवस आम्ही बेडरूममध्ये आडवे होऊन ये-जा केली. चादर टांगायची तर खिळा हवा आणि कलम सहाप्रमाणे खिळ्याला बंदी. तेव्हा मी स्वतःच तोडगा काढला. डागाची उंची माझ्या खांद्याएवढी, रुंदी साधारण माझ्याएवढीच. मी भिंतीला टेकून उभं राहायचं आणि काका जाईपर्यंत हलायचं नाही.

"अर्धा तास उभा राहशील?" मनीषानं विचारलं.

"रात्रपाळीत आठ तास बसतो. अर्धा तास उभं राहायला काय होतंय?"

काका अकराला एक मिनिट कमी असताना आले. हातात फाइल. मी भिंतीला पाठ लावून, एक पाय दुमडून, कॉलेजच्या कट्ट्यावर उभं राहावं तसा उभा. ते बसा म्हणाले. मी म्हटलं, उभाच बरा, डॉक्टरांनी सांगितलंय. ते म्हणाले, उभं राहायचंच तर गॅलरीत उभे राहा, हवा चांगली आहे. मी म्हटलं, हवेचंच बाधतं मला. सासूबाईंनी मध्येच, जावयाला लहानपणापासूनच हवा सोसत नाही, अशी खात्री दिली. (त्या मला लग्नाच्या वेळी पहिल्यांदा भेटल्या होत्या.)

पाठीतून गारवा आत शिरत होता. पण एक गोष्ट मला खटकली. काकांनी स्वयंपाकघराचे नळ पाहिले, खिडक्यांच्या काचा मोजल्या, दारात रुतलेल्या कपाटाकडे पाहून "व्यायाम का?" असं विचारलं, पण ज्या भिंतीला मी टेकलो होतो तिकडे त्यांनी एकदाही मान वळवली नाही. बसले तेसुद्धा पाठ करून. कागद बाहेर काढले, पेन उघडलं आणि म्हणाले, "या, सही करा."

मी पुढे झालो. मागे फाटल्यासारखा लांबलचक आवाज आला. वजन वाटलं म्हणून मी आणखी जोर लावला आणि टीपॉयपर्यंत पोचलो तेव्हा माझ्या पाठीला खांद्यापासून जमिनीपर्यंत, एखाद्या सरदाराच्या शेल्यासारखी, क्रीम रंगाची अख्खी भिंत लोंबत होती.

सासूबाईंनी माझ्या पाठीवरचा एक तुकडा सोलला. वर डिस्टेंपर, खाली कागद. कागदावर छापील मजकूर. वर्तमानपत्र. मागच्या वर्षीचं, आमच्याच दैनिकाचं, चार थर! आम्ही या घरात येण्याआधी कोणीतरी ओली भिंत पेपर चिकटवून झाकली होती.

"काका," मनीषानं शांतपणे विचारलं, "ही ओल आधीपासूनची आहे?"

काका उठले. पडलेल्या माणसानं कपडे झटकावेत तसा त्यांनी सदरा नीट केला. ओल जुनी असल्याचं त्यांनी मान्य केलं. तुम्ही ती बघून घर सोडाल म्हणून आपण बोललो नाही, हेही मान्य केलं. पण आपण कसलीही फसवणूक केलेली नाही, उपाय शास्त्रशुद्ध होता, असं म्हणत त्यांनी फाइलमधून एक कात्रण काढून टीपॉयवर ठेवलं.

कात्रण अकरा ओळींचं होतं. 'ओलीला करा रामराम'. भिंत कोरडी पुसून घ्यावी, मैद्याच्या खळीनं वर्तमानपत्राचे चार थर द्यावेत, वर डिस्टेंपर मारावा. ओल कायमची जाते.

ते मी लिहिलं होतं. एका संध्याकाळी ऐनवेळी जाहिरात रद्द झाली, पानात अकरा ओळींची जागा उरली आणि पान छपाईला सोडायला सहा मिनिटं होती. ओलीबद्दल मला काहीही माहिती नव्हती. आकाशकंदील चिकटवायची माहिती होती.

"मैदा?" सासूबाई कात्रणावर वाकल्या. "पावसाळ्यात भिंतीले मैदा खाऊ घातला, मंग बुरशी नाही तं काय मोगरा येईन? कोन्या शहाण्यानं लिहिलं हे?"

"नाव नाहीये," मी म्हणालो.

"असल्यांना नाव नसतं," दामलेकाका म्हणाले.

मनीषा माझ्याकडे पाहत होती. त्या दिवशी अकरा ओळी मी किती चपळाईनं भरल्या, हे मी घरी येऊन तिला दोनदा सांगितलं होतं. ती आत गेली. आतून, म्हणजे कपाटाच्या पलीकडून, हुंदक्यासारखा आवाज येत राहिला. काकांना वाटलं, ती रडते आहे. ते एकदम मऊ झाले. बाहेरून वॉटरप्रूफिंग स्वखर्चानं करून घेतो म्हणाले, नववं कलम तिथल्या तिथे खोडलं, करार पुढे चालू. फक्त तुम्ही पेपरात आहात, तेव्हा एवढं काम करायचं, असं म्हणून त्यांनी पेन माझ्या हातात दिलं आणि खोडलेल्या जागी नवं कलम सांगितलं. मी ते भिंतीसकट वाकून, माझ्या अक्षरात लिहिलं : 'सदर मजकूर लिहिणाऱ्या इसमाचा भाडेकरूने शोध घ्यावा व मालकांस लेखी कळवावे.'

त्या घरात आम्ही आणखी चार वर्षं राहिलो. दर करारापूर्वी मी दामलेकाकांना एक पत्र देत असे. शोध चालू असल्याचं त्या चारही पत्रांत नमूद आहे.