किसनचं लिनक्स आणि माझी राहिलेली सावड

मी निघाले तेव्हा वाडीतली भाताची लावणी अर्ध्यावर होती. डिंभ्याच्या फाट्यावर घोडेगावची एसटी कधी येईल याचा नेम नव्हता, म्हणून बा आणि मी सकाळपासूनच उभे होतो. किसन, माझा धाकटा भाऊ, सोडायला आला नाही. शेजाऱ्यांच्या खाचरात वाकलेला होता. वर न बघता एवढंच म्हणाला, "तुझी सावड माझ्यावर टाकून चाललीस."

आमच्याकडे लावणीला मजूर लावत नाहीत. आज तुम्ही आमच्या खाचरात, उद्या आम्ही तुमच्या. जितके हात आले तितके परत जायलाच हवेत, हीच सावड. आमची लावणी चार घरांनी येऊन उरकून दिली होती आणि ती फेडायला आम्ही दोघांनी जायचं ठरलं होतं. एकटा किसन दोघांचं करत राहिला आणि मी बेंगळुरूच्या एसी ऑफिसात सॉफ्टवेअर टेस्टर म्हणून रुजू झाले. त्याच्या बोलण्यात खोटं काही नव्हतं, म्हणूनच ते झोंबलं.

पुढे कित्येक महिने फोन केला की तो "बरं हाये" म्हणून आईकडे द्यायचा. मग एका रविवारी त्याचा मेसेज आला: गेम चालंना.

गेम घरच्या कॉम्प्युटरवरचा. एका ऑफिसने मोडीत काढलेलं ते यंत्र आम्ही भावंडांनी मिळून उभं केलं होतं. त्याला नवं विंडोज पेलत नव्हतं आणि चोरीचं टाकायला बाची मनाई. "मागून आना, पण चोरायचं न्हाई." मग शाळेतल्या सरांनी विंडोजऐवजी फुकट मिळणारं लिनक्स टाकून दिलं. जगभरच्या लोकांनी मिळून लिहिलेलं, कुणालाही उघडून बघता येणारं. विंडोजसाठी विकलेले गेम त्यावर चालवायची सोयही लोकांनीच केलेली. एक जण एक अडचण सोडवतो, दुसरा त्यापुढची. वाडीत याला काय म्हणतात ते सांगायला नको.

मी इथून त्याला दोन सेटिंग सांगितल्या, गेम सुरू झाला, आणि दर रविवारी दुपारी आम्ही खेळायला लागलो. एका बेटावर झोपडी बांधायची, होडी करायची. गंमत अशी की फोनवर मुका असलेला किसन खेळताना घडाघडा बोलायचा. बाचा गुडघा दुखतो हे मला बेटावर लाकडं तोडताना कळलं. तो रविवार म्हणजे माझा भाऊ होता.

मग कंपनीने अपडेट पाठवला. लबाडी पकडणारा नवा पहारेकरी बसवला आणि लिनक्सवाल्यांना ऑनलाइन यायला बंदी केली. आम्ही गेम रीतसर विकत घेतलेला, लबाडी कधी केली नाही, तरी दारातून परत. ऑफिसातली मंडळी म्हणाली, विंडोज टाक, विषय संपव. माझ्या लॅपटॉपवरही लिनक्सच होतं; मी टाकलंही असतं, पण किसनच्या यंत्राचं काय? आणि किसन म्हणाला, "जाऊ दे ताई. आपल्यासारख्यांसाठी न्हाई ते."

हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आले आहे. इंग्रजी शाळेबद्दल ऐकलं, बेंगळुरूबद्दल ऐकलं. माझं डोकंच फिरलं. म्हटलं, आपल्यासाठी नाही हे ठरवणारी कंपनी कोण?

गेममध्येच स्वतःचा सर्व्हर चालवायची, म्हणजे कंपनीऐवजी आपल्याच यंत्रावर बेट मांडायची सोय होती. तिथे तो पहारेकरी लागत नव्हता, पण लिनक्सवर ती कशी जमवायची हे कुणी नीट लिहिलं नव्हतं. तीन रविवार आम्ही झगडलो. मी माझ्या लॅपटॉपवर काहीतरी बदलायचं, किसनने गच्चीवर फोन ठेवून रेंज पकडायची आणि सांगायचं, "काळाच पडदा हाये." पगार घेऊन टेस्टिंग करणारी मी, पण चूक अखेर त्यानेच हेरली. तिसऱ्या रविवारी बेट दिसलं. आमची झोपडी काही तिथे नव्हती, ती कंपनीच्या सर्व्हरवर राहिली. नवी बांधली.

सगळं जमलं तसं मी पायरीपायरीने लिहून लिनक्सवर खेळणाऱ्यांच्या फोरमवर टाकलं, खाली किसनचंही नाव घातलं. चार दिवसांनी ब्राझीलमधल्या कुणीतरी लिहिलं की त्याच्या जुन्या यंत्रावरही चाललं, किसनला धन्यवाद सांगा. मी सांगितले.  

"म्हंजी माझी सावड फिटली म्हन की," मी चिडवलं.

"गेमची फिटली," तो म्हणाला. "लावनीची ऱ्हायलीच हाये. ती तिथून न्हाई व्हनार."

लावणीच्या आठवड्याची रजा मी आजच टाकली आहे. मॅनेजरने कारण विचारलं, मी सांगितलं, हात परत करायचे आहेत. त्याला कळलं नाही, न कळू दे. वाडी सोडून गेलेल्या माझ्यासारख्यांनो, घर कुठलं असं मला विचारलंत तर मी पत्ता सांगणार नाही. ज्या खाचरात माझा एक दिवस अजून बाकी आहे, तेच माझं घर.