चांदीच्या तबकावरची नदी

सदाशिव मास्तर गेल्याचा फोन त्यांच्या मुलीने, नंदाने केला तेव्हा मी दुकानात राळ तापवत होतो. "काका, सकाळी बाबा गेले," एवढंच म्हणाली. शेगडी बंद केली आणि विश्रामबागेत त्यांच्या घरी गेलो. त्याला दीड महिना झाला. मी चौथी शिकलेला माणूस. सांगलीच्या सराफ कट्ट्यामागं पन्नास वर्षं चांदीवर नक्षी ठोकतोय. लिहिणं माझं काम नव्हे. पण मास्तरांच्या नावावर एक चूक लागलीय आणि ती त्यांची नाही, म्हणून लिहितो.

मास्तर कराडच्या शाळेत चित्रकला शिकवायचे, निवृत्त होऊन सांगलीत आले. एकदा निरांजन दुरुस्तीला घेऊन आले आणि माझ्या हातातला मोर बघून म्हणाले, "मान आखूड झालीय." मी म्हणालो, "तुमच्या वर्गात लांब काढा. हितं चांदी लागती." माणूस रागावला नाही. स्टूल ओढून बसला आणि मग दर शनिवारी येऊन बसायला लागला.

पाच वर्षांपूर्वी कराडच्या खालच्या अंगाला, कराडहून वाहत येणाऱ्या नदीकाठच्या एका गावातल्या पाणीपुरवठा संस्थेचे चेअरमन आले. नदीचं पाणी माळावर नेऊन त्यांना पन्नास वर्षं होत होती. ज्या इंजिनिअर साहेबांनी ती योजना उभी केली, त्यांना चांदीचं तबक द्यायचं होतं. "आमची नदी पायजे त्याच्यावर, आमचं गाव पायजे. बाजारातली कमळं नगं," चेअरमन म्हणाले. मी मास्तरांना गळ घातली. ते आठ दिवस तिथं नदीकाठी जाऊन बसले. पंपघर, घाट, चिंच, माळ चढणारा पाइप... तीसएक कागद झाले. मी म्हणालो, "मास्तर, तबक करायचंय, धरण न्हाई." ते म्हणाले, "गावातला माणूस आधी आपलं घर शोधणार, मग चांदी बघणार."

आमच्या कामात पत्रा राळेवर बसवून मागून ठोकतात, तेव्हा पुढं उठाव येतो. मागून डावीकडं ठोकलेलं पुढून उजवीकडं दिसतं. म्हणून चित्राचा कागद मी नेहमी उलटा करून पत्र्यावर उतरवतो. हात आपोआप उलटतो. मास्तरांना हे माझ्याच दुकानात बसून कळलेलं. मला त्रास नको म्हणून त्यांनी शेवटचं चित्र आधीच उलटं काढून दिलं, आणि मी ते पुन्हा उलटलं. सगळं गाव तबकावर उलटं आलं. मी ते गाव पाहिलेलं नव्हतं आणि मास्तरांचं तेव्हा मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, त्यामुळं तबक त्यांनी आधी बघितलंच नव्हतं.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी संस्थेच्या ऑफिसात तबक उघडलं. चेअरमननी नदीवरून बोट फिरवलं. "आवं, ही नदी माघारी कराडला निघालीय की." सगळे हसले. मास्तरांनी चष्मा पुसून बघितलं, मग माझ्याकडं बघितलं. "चित्र माझं, चूक माझी," म्हणाले. मी गप्प बसलो. उलटं काढलं तर सांगायचं तरी, असं मनात म्हणत होतो.

तबक तसंच दिलं गेलं. गावात मास्तरांना 'उलट्या नदीचे मास्तर' म्हणायला लागले. तिथल्या शाळेच्या भिंती ते रंगवणार होते, ते काम दुसऱ्याला गेलं. ते त्यांना लागलं होतं... मला ठाऊक आहे. एसटीत परत येताना ते म्हणाले, "तुझं दुकान चालायचंय अजून. मला काय, पेन्शन आहे." मी म्हणालो, "मी कुठं काय म्हणालो?" पुढं पाच वर्षं शनिवारचा चहा झाला, पण तबकाचा विषय निघाला नाही. निघाला असता तर मी भांडलोच असतो.

तेराव्यानंतर नंदाने त्या कागदांची गुंडाळी मला दिली. शेवटच्या चित्राच्या कोपऱ्यात बारीक अक्षरं होती. 'मागून ठोकण्यासाठी उलटे काढले आहे. पुन्हा उलटू नये.' तबक घडवताना हा कागद महिनाभर माझ्या हातोडीशेजारी पडून होता. मी रेघ वाचतो, अक्षर वाचत नाही, असा माझा तोरा होता. त्यांनी सांगितलेलं होतं.

मास्तरांनी नदीकाठी काढलेलं पहिलं, सरळ चित्र फ्रेम करून मी गेल्या आठवड्यात त्या गावी गेलो. चेअरमन म्हणाले, "आबा, एवढ्यासाठी आलासा?" मी म्हणालो, "चार माणसं बोलवा." माणसं आली. चूक मास्तरांची नव्हती, माझी होती, हे सांगितलं. एका म्हाताऱ्याने विचारलं, "मग तवा का बोलला न्हाईसा?"

"तोंड उघडलं न्हाई," मी म्हणालो.

मग संस्थेच्या ऑफिसच्या भिंतीत खिळा मीच ठोकला आणि चित्र लावलं. चेअरमन म्हणाले, "डावीकडं जरा कललंय." मी म्हणालो, "न्हाई." मग चार पावलं मागं जाऊन बघितलं. कललं होतं. पुढं होऊन सरळ केलं.