चक्कीवर आलेला शीतलचा डबा

मागच्या महिन्यात आमच्या चक्कीवर गव्हाचा एक डबा आला. बाकीच्या डब्यांसारखाच रांगेत होता... उचलायला गेले आणि हात तिथेच थांबला.

डब्यावर नाव कोरलेलं होतं. 'चि. सौ. कां. शीतल हिस आत्याकडून.' ती आत्या मीच. लग्नाच्या वेळी दुकानात उभी राहून मीच ते नाव टाकून घेतलं होतं. तो डबा अकोल्याला असायला पाहिजे होता.

शीतल माझी भाची. नवऱ्याच्या मारापायी अंगावरच्या कपड्यांनिशी अकोला सोडून अमरावतीला माझ्याकडे आली. कोर्टाने तिला संरक्षणाचा आदेश दिला... त्याने तिच्या घरी यायचं नाही, कामाच्या जागी यायचं नाही, कोणत्याच मार्गाने संपर्क करायचा नाही. मी चौथी शिकलेली, वकिलाकडून तो कागद दोनदा वाचून घेतला. त्यानंतर त्याचा फोन नाही, मेसेज नाही. वाटलं, सुटलो एकदाचे.

डबा आणला होता आमच्या गल्लीतल्या नसीमखालाने. आमच्याकडे असंच चालतं, चक्कीकडे निघालेल्या बाईच्या हाती कोणीही आपला डबा देतं. ती म्हणाली, "कोने पे एक लडका मिला. बोला, खाला, चक्की पे जा रहे तो ये भी रख दो. बडा तमीजवाला था!"

माझ्या भावाला, म्हणजे शीतलच्या बापाला, फोन केला तर तो माझ्यावरच चिडला. "भांडे वापस करून राहिला तो. सासरचे लोक चमचा वापस देत नाहीत, अन् तुले याच्यातही खोट दिसते!"

खरं सांगते, मलाही पटलं. लग्नातलं भांडं बाईच्या हक्काचं, दारात आलेलं कोण परत पाठवते? गहू दळले, डबा घासून फळीवर ठेवला. शीतल त्या पिठाच्या पोळीला हात लावेना. "अन्नासंग कायचं वैर?" म्हणून मी तिच्यावरच खेकसले.

मग तिला एका दवाखान्यात काम लागलं. आम्ही कोणाला सांगितलं नव्हतं. ती कामावर गेली त्याच दिवशी चक्कीवर तिचा लग्नातला जेवणाचा डबा आला, एका अनोळखी बाईच्या हाती... आत भाकर आणि भरली वांगी. गरम.

त्या रात्री मीही जेवले नाही.

शीतलच्या सुट्टीच्या दिवशीची गोष्ट. दुपारी लाईट गेली, चक्की बंद. ऊन असं की गल्लीत कुत्रं नव्हतं. दार उघडून बाहेर आले तर ओट्यावर तांब्या... आम्हीच शीतलला लग्नात दिलेला, नाव कोरलेला, पाण्याने काठोकाठ भरलेला.

बाहेरून दव फुटलं होतं. थेंब ओघळत होते, पण खालची फरशी अजून ओली झाली नव्हती. अमरावतीच्या उन्हात थंड पाणी किती वेळ थंड राहते? म्हणजे ठेवणारा आत्ताच इथून गेला होता... आणि त्याचा फ्रीजही जवळच कुठेतरी होता.

इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. सगळी दारं बंद.

शीतल मागे येऊन उभी राहिली. हळूच म्हणाली, "आत्या, तो कामावरून आला का मले असंच पाणी मांगे. थंड नसलं तं..."

तांब्यावर घमेलं पालथं घातलं. कोणाला हात लावू दिला नाही. शीतलची केस पाहणाऱ्या संरक्षण अधिकारी बाईंना फोन लावला, त्या पोलिसांना घेऊनच आल्या. मी विचारलं, "बाई, तो तं आलाच नाही, भांडे आले. हा गुन्हा होते का?"

"कोणत्याच मार्गाने नाही म्हणजे कोणत्याच मार्गाने नाही, ताई. दुसऱ्याच्या हातून डबा पाठवला, तोही संपर्कच. आदेश मोडला की तो वेगळा गुन्हा होतो." मग मला झापलं. "पहिला डबा घासला कशाला?"

नसीमखाला तर पेटलीच. "मेरेच हाथ से भिजवाया मुए ने! मैं बोलूंगी, कोर्ट में भी बोलूंगी!" आणि तिथेच जबाब दिला.

पोलिसांनी आजूबाजूच्या भाडेकरूंची चौकशी केली. तो सापडला पलीकडच्याच गल्लीत, माडीवरच्या भाड्याच्या खोलीत. घरमालकीण म्हणे, "शांत पोरगा हो, कोणाच्या अध्यात ना मध्यात." मी पोलिसांच्या मागे जिना चढले. तो जेवत बसला होता. मला पाहून उठला, हसला आणि म्हणाला, "या आत्याबाई, बसा ना."

खोलीत खाट नव्हती. एक फ्रीज, आणि खिडकी... खिडकीतून आमचा ओटा दिसत होता. भिंतीला लागून शीतलच्या लग्नातली भांडी, घासून लख्ख केलेली, लहानमोठी रांगेत मांडलेली. अजून कितीतरी पाठवायची बाकी होती.

पोलिसांनी त्याला नेलं. उद्या कोर्ट जामीन देईलही, मला माहीत आहे. पण आता अख्ख्या गल्लीला त्याचं तोंड माहीत आहे, आणि खाला कोणाच्या हातचा डबा घेण्याआधी दहा प्रश्न विचारते. तिचे आणि त्या अधिकारी बाईंचे उपकार मी विसरणार नाही.

बायांनो, तुमच्या पोरीच्या दारात असं काही आलं तर 'देऊन राहिला तं घ्या' म्हणू नका. धुऊ नका. फोटो काढा आणि पोलिसांकडे जा. आणि पोरीने भूक नाही म्हटलं तर तिच्यावर ओरडू नका... तिला आपल्या आधी कळलेलं असतं.

काल शीतल एकटी कामाला गेली. ती कोपऱ्यावर वळेपर्यंत मी ओट्यावर उभी होते... वळल्यावरही उभीच होते.